सोडलेले डोळे

चंद्रभागाबाईने आपले डोळे सोडले ते सत्त्याण्णव सालच्या पौषात, आखाडा बाळापूरच्या शाळेच्या व्हरांड्यात. खरं तर ती तिथे सासूचे डोळे दाखवायला गेली होती. सखुबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि दारात पाहुणा आलाय की मेंढा हे तिला आवाजावरून ओळखावं लागायचं. त्यातही एकदा चूक झाली होती. व्याह्यांनी ती फार मनाला लावून घेतली.

शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. एका वर्गात तपासणी, दुसऱ्या वर्गात डोळ्यांत थेंब टाकून माना वर करून बसवलेले म्हातारे, आणि व्हरांड्यात रांग. चंद्रभागाबाईच्या पुढे एक मायलेकीची जोडी होती. लेक अठरा-एकोणीस वर्षांची. लहानपणी गोवर निघाला तेव्हापासून तिच्या दोन्ही बुबुळांवर पांढरं फूल पडलेलं. गर्दीत चुकू नये म्हणून आईने तिच्या ओढणीची गाठ आपल्या पदराला मारली होती.

डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "हा मोतीबिंदू नाही, बाई. बुबुळच पांढरं पडलंय. कुणाचं तरी बुबुळ मिळालं, म्हणजे माणूस गेल्यावर त्यांनी डोळे दिले, तर बसवता येईल."

"आसं कोन देतंय?" ती आई म्हणाली. रागाने नाही, रडूनही नाही. बाजारात भाव ऐकून माणूस पुढच्या दुकानाकडे वळतं तशी म्हणाली, आणि पोरीला घेऊन चालायला लागली.

चंद्रभागाबाई धनगराच्या घरची. फूल म्हणजे काय ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फूल पडलेलं कोकरू दूध शोधताना भलत्याच मेंढीच्या पोटाला ढुशा देतं आणि लाथा खातं. त्याला धरून, त्याचं तोंड त्याच्या आईच्या सडाला लावून द्यावं लागतं. असली किती कोकरं तिने धरली होती याचा हिशेब नव्हता. ती जाणाऱ्या गाठीकडे बघत राहिली.

व्हरांड्याच्या टोकाला नांदेडहून आलेल्या एक नर्सबाई टेबल टाकून बसल्या होत्या. समोर कागदांचा गठ्ठा, त्यावर उडू नयेत म्हणून डस्टर ठेवलेलं. त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं.

"हे कशाचं हो, बाई?"

"नेत्रदानाचा फॉर्म. मरणानंतर डोळे द्यायचे."

"आज लिवलं तर नेनार कवा?"

"तुम्ही गेल्यावर."

"आन् तवरोक?"

"तोवर तुमच्याकडंच राहणार की."

"राहनार माह्याकडं, पर माहे न्हाईत."

नर्सबाईंना सकाळपासून पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं. त्यांनी घाईने मान हलवली. "हो हो, तसंच समजा."

"मंग सोडलेलेच म्हना की."

"हो, सोडलेलेच," असं म्हणून बाईंनी शाईचा पॅड पुढे केला. सोडलेला म्हणजे काय, हे त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

वाडीत मात्र ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाळापूरपासून दोन कोसांवरची ही धनगरांची वाडी, घरटी शे-पन्नास मेंढरं. नवस असला की कळपातला एक एडका, म्हणजे नर मेंढा, खंडोबाच्या नावाने सोडायचा. त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा, चारचौघांत तोंडाने एकदा म्हणायचं, 'सोडला', की झालं. त्यानंतर तो एडका आपल्याच वाड्यात राहतो, आपलाच पाला खातो, पण आपला नसतो. त्याची लोकर कातरायची नाही, त्याला काठी लावायची नाही, तो कुणाच्या ज्वारीत शिरला तरी हात जोडून बाहेर काढायचा. आणि त्याचा दिवस आला की कुरकुर न करता देऊन टाकायचा. सोडलेलं अडवायचं नाही. वाडीत भाऊ भावाचा बांध कोरायचा, पण सोडलेला एडका अडवणारा माणूस कुणी बघितलेला नव्हता.

घरी येऊन तिने सांगितलं, "म्या डोळे सोडले."

ऑपरेशन होऊन आलेली सखुबाई डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून बाजेवर बसली होती. ती म्हणाली, "या वयात कोनावर सोडले, गं?"

सगळी हकिकत ऐकल्यावर ज्ञानबाने, म्हणजे चंद्रभागाबाईच्या नवऱ्याने, बराच वेळ विचार केला. त्याचा विचार मेंढरांच्या चालीने चालायचा. वाटेत जे दिसेल ते खात खात पुढे जायचा. शेवटी तो म्हणाला, "मंग भाकरी कोन करंल?"

"भाकरी मीच करीन. चूल तेवढी तुमी फुकायची. परक्याच्या वस्तूला धूर लागू देऊ का म्या?"

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून तिने फुंकणी नवऱ्याच्या हातात दिली. ज्ञानबा पहाटे चुलीपुढे उकिडवा बसून गाल फुगवायचा, जाळ धरला की खोकत बाहेर जायचा, मग चंद्रभागाबाई पाटावर बसायची. ती कांदा चिरेनाशी झाली. घोंगडीला टाके घालताना दिवेलागणीला उठायची, म्हणायची, अंधारात डोळे ताणायला ते काय माझ्या बापाचे आहेत? मेंढरांमागे धुळीत चालताना पदर कपाळापर्यंत यायचा तो नाकापर्यंत ओढायला लागली आणि दोनदा बाभळीवर आदळली. एका मयताला गेली तर कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. बायकांनी कोपर मारलं तेव्हा हळूच म्हणाली, "आवाज काढते की म्या. पानी तेवढं मागू नका."

वाडीला वर्षभर पुरेल एवढी करमणूक झाली. कुणी दिसलं की विचारायचं, "काय चंद्रभागाकाकू, डोळे चरायला गेले का घरी हायेत?"

पुढच्या वर्षी त्याच नर्सबाई मोतीबिंदूवाल्यांची पाहणी करायला वाडीत आल्या. चंद्रभागाबाईने त्यांना बाजूला घेऊन, धुरापासून, कांद्यापासून, रडण्यापासून आपण डोळे कसे जपले ते सांगितलं. बाई हसत सुटल्या.

"अहो, एवढं काही करायला नको. धूर लागलाय, रडणं झालंय, चष्मा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी डोळे देता येतात. म्हाताऱ्या माणसाचेसुद्धा."

चंद्रभागाबाईने आधी मागे वळून बघितलं. ज्ञानबा लांब होता. ही गोष्ट तिने पुढे कुणालाही सांगितली नाही.

पण बाईंनी त्याच बोलण्यात दुसरी एक गोष्ट सांगितली, आणि ती मात्र तिच्या डोक्यातून जाईना. "फॉर्म म्हणजे नुसती इच्छा हो. खरं काम घरच्यांचं. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत फोन करायचा आणि सही द्यायची. घरचे नको म्हणाले की आम्ही हात लावत नाही."

घरचे म्हणजे राम. ज्ञानबाने कधीचाच सगळा कारभार पोरावर सोपवला होता. कुठल्याही गोष्टीवर तो 'राम म्हनंल तसं' म्हणायचा. आणि रामने मेंढरं सोडून जीप धरली होती. बाळापूर ते वारंगा फाटा काळीपिवळी चालवायचा, नवाच्या जागी पंधरा माणसं बसवायचा, आणि त्या पंधरांच्या तोंडी वाडीतल्या आपल्या आईची गोष्ट असायची.

"राम, म्या गेल्यावर फोन लावशीन ना?"

"मला न्हाई जमनार."

"काहून?"

"लोक हसून राहिले, आई."

"हसू दे. हसल्यानं काय तुही जीप पंक्चर व्हते का?"

राम पाना घेऊन चाकाशी बसला होता. त्याने एक नट आवळून संपवला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "मला तुहं तोंड शेवटचं बघायचं हाय. थितं खड्डे बघायचे न्हाईत."

डोळे काढून नेलेलं माणूस तिनेही कधी पाहिलं नव्हतं. खड्डे पडत असतील, नसतील. ती उठून आत गेली. त्यानंतर दरवर्षी एकदा ती रामला विचारायची आणि दरवर्षी तो म्हणायचा, "दुसरं काही बोल." मधे परभणीचा तुकडा पडून हिंगोली जिल्हा झाला, वाडीला डांबरी रस्ता आला, पण रामचं उत्तर काही बदललं नाही.

इकडे सखुबाईला ऑपरेशननंतर लख्ख दिसायला लागलं होतं, आणि ही घरावर आलेली आपत्तीच होती. सुनेच्या भाकरीचा काठ जाड, कोपऱ्यात जाळी, नातवाच्या मिश्या वाकड्या. पाच वर्षांचं बघायचं राहिलेलं तिने एका महिन्यात बघून घेतलं. पण तिला सगळ्यात जास्त दिसत होती ती सुनेची ऐट. ज्ञानबा मेंढरं घेऊन चराईला लांब गेला की फुंकणी सखुबाईच्या हातात यायची. सून पाटावर टेकून बसणार आणि सासू फुंकणार, असला उलटा संसार तिने सात जन्मांत ऐकला नव्हता.

दोन हजार एकच्या चंपाषष्ठीला घरात भावकी जमली होती. भरीत-रोडग्याचा नैवेद्य व्हायचा होता. चूल विझत आली, कुणी तरी म्हणालं, "म्हातारे, जरा फुक की." सखुबाई उठली, देव्हाऱ्यातला भंडारा चिमटीत घेतला, आपल्या दोन्ही पापण्यांना फासला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आइका रे! माहे बी सोडले! कुनाला बी लागू देत, जा. आता फुका तुमी."

मग राम असा हसला की त्याला भिंत धरावी लागली. आजीने त्याच्याच हातात फुंकणी दिली. त्या चंपाषष्ठीचा नैवेद्य रामने गाल फुगवून शिजवला.

"तुमचा फारम भरून आनू का मंग?" चंद्रभागाबाईने विचारलं.

"काहून? खंडोबाला काय फारम लागतो?"

पुढच्या उन्हाळ्यात रामचं लग्न झालं. सुकन्या नवी नवरी म्हणून घरात आली तर एका चुलीभोवती दोन सोडलेल्या डोळ्यांच्या बायका, आणि दोघी एकमेकींकडे बघत बसलेल्या. तिने आठ दिवस सासू आणि आजेसासू दोघींचं ऐकून घेतलं. नवव्या दिवशी माहेरहून पंपाचा स्टो मागवला. तो आला त्या दिवसापासून चूल कुणी फुकायची हा वाद मिटला, आणि दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींच्या ऐवजी स्टोकडे बघत बसल्या.

दोन हजार पाच सालच्या चैत्रात सखुबाई गेली. कुणाला काही तकलीफ दिली नाही. सकाळी दहाच्या सुमाराला लिंबाखाली बाजेवर बसून चहा घेतला, साखर कमी पडल्याचं बोलून दाखवलं, बुंध्याला डोकं टेकलं ते टेकलंच. सुकन्या दुसऱ्यांदा साखर घेऊन आली तेव्हा म्हातारी निघून गेली होती.

चंद्रभागाबाईने सगळं झटपट केलं. पापण्या मिटवल्या, कापूस भिजवून वर ठेवला, मानेखाली उशी दिली. नर्सबाईंनी सांगितलं होतं, पंखा बंद ठेवायचा. लिंबाखाली पंखा नव्हताच, आणि घरातला भारनियमनवाल्यांनी आधीच बंद केला होता. हे सगळं ती करत होती, पण तोंडाने काही बोलत नव्हती. मोठी नणंद साखरा गावाहून यायची होती, दोन गाड्या बदलून; ती आल्याशिवाय उचलायचं नाही हे ठरलेलंच होतं. म्हणजे वेळ होता. पण वेळ असून काय उपयोग, जिभेवर रामचं 'न्हाई' बसलं होतं.

राम पहिली फेरी टाकून आला तो अंगणात आजीच्या पायाशी बसला. भावकीतले वडीलधारे माणिकराव आले. त्यांनी ओला कापूस बघितला आणि त्यांच्या ध्यानात आलं.

"हे काय हाय, चंद्रभागा?"

"आत्याबाईंचे डोळे सोडलेले व्हते," ती एवढंच म्हणाली.

"फारम भरला व्हता का म्हातारीनं?"

"न्हाई."

"मंग मिटलं." माणिकरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अंगणातल्या दहा-बारा जणांनीही टाकला. "फारम न्हाई तर काहीच न्हाई. कापूस काढ तो, पोरी, चांगलं दिसत न्हाई."

फारमाने काही होत नाही, घरच्यांच्या शब्दाने होतं, हे त्या अंगणात फक्त चंद्रभागाबाईला माहीत होतं. तोंड उघडलं असतं तर सांगता आलं असतं. पण सांगून काय? तिचा स्वतःचा फॉर्म ट्रंकेत आठ वर्षं पडून होता आणि घरचा शब्द मिळत नव्हता. तिने रामकडे बघितलं. सासूचं काय होतं ते आपलं होणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिने कापसाकडे हात नेला, आणि काढायच्या ऐवजी त्यावर आणखी दोन थेंब पाणी टाकलं.

"काढ म्हनलं ना," माणिकराव म्हणाले.

"तात्या," राम पायाशी बसल्या बसल्याच बोलला, "तुमच्या थोरल्याच्या लग्नात तुमी एडका सोडला व्हता. फारम भरला व्हता का?"

मागे कुणाला तरी हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं.

"आरं, तो देवाला सोडलेला."

"म्हातारीनं भंडारा कोनाचा लावला व्हता? तुमी व्हते की थितं. भरीत खाल्लं तुमी."

"ती म्हातारी चूल फुकायच्या कटाळ्यानं बोलली, गड्या! साऱ्या वाडीला ठावं हाय."

"कशानं का बोलंना. चारचौघांत सोडले म्हनली का न्हाई?" राम उठून उभा राहिला. "त्या दिवशी चूल म्या फुकली, तात्या. म्या ऐकलं. आता म्याच अडवू?"

माणिकरावांनी इकडेतिकडे बघितलं. अडव म्हणायला कुणाचीच जीभ वळेना. धनगराच्या अंगणात तो शब्द कसा उच्चारायचा?

"बाप काय म्हनतो?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

ज्ञानबा लिंबाच्या बुंध्याशी बसला होता. तो म्हणाला, "राम म्हनंल तसं." आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं उत्तर चटकन आलं.

रामने जीप काढली. बाळापुरात पुनमचंदच्या किराणा दुकानात फोन होता. दुकानात शोकाची बातमी नेहमीच यायची, तेव्हा पुनमचंदने डबा बाजूला करून फोन पुढे ओढला. पण नांदेडला काय सांगितलं जातंय ते ऐकल्यावर त्याच्या हातातलं माप तसंच राहिलं.

"रामभाऊ, डोळे? किसके?"

"आजीचे."

"उस उमर में चलते हैं क्या?"

"चालत असतील. ते म्हनले, येऊन राहिलो."

एक वाजता नांदेडची गाडी आली. एक तरुण डॉक्टरीणबाई आणि एक मदतनीस. रामने आधी त्यांना दाराबाहेरच थांबवलं. "बाई, खड्डे पडत असतील तर आताच सांगा."

"पडत नाहीत. झाल्यावर तुम्हीच आत या आणि बघा."

ज्ञानबाने अंगठा दिला, रामने आणि हो-ना करत माणिकरावांनी साक्षीची सही केली. माणिकरावांची सही मोठी होती, कागदाच्या बाहेर गेली. म्हातारीला बाजेसकट आत नेलं आणि दार लोटलं गेलं. वीसेक मिनिटं गेली. चंद्रभागाबाई रामकडे बघत होती आणि राम दाराकडे.

दार उघडल्यावर तो एकटाच आत गेला. चंद्रभागाबाईला त्याची पाठ दिसत होती. तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्याने आजीच्या कपाळावरचा केस मागे सारला आणि बाहेर येऊन आईपुढे उभा राहिला.

"आजीच हाय," तो म्हणाला. "जशी व्हती तशी. दुपारची निजायची तशी."

मग रांगेने बायका आत गेल्या. शोक करायला कमी आणि बघायला जास्त. शेजारच्या काकूने डॉक्टरीणबाईंना गाठलं. "कोन्या गावच्याला बसवनार? कोन्या जातीच्याला?"

"नाव सांगत नाही आम्ही. तुम्हाला त्यांचं नाही, त्यांना तुमचं नाही. पण दोघांना बसतील, एकेकाला एकेक."

"मंग काय मजा?" काकू हिरमुसली. पण संध्याकाळपर्यंत वाडीभर तिनेच सांगितलं, की सखुबाई आता दोन घरांत लक्ष ठेवणार आहे.

तीन वाजता साखऱ्याची नणंद आली. आईच्या गळ्यात पडून पोटभर रडली. कुणी तरी सांगितलं तेव्हा तिने दचकून आईचं तोंड पुन्हा बघितलं, हात फिरवला, आणि म्हणाली, "काही बी सांगता का रे मला?" तिला पटवायला अर्धा तास लागला. ऊन उतरायच्या आत म्हातारीला नेलं.

तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी राम अंगणात जीप धुवत होता. चंद्रभागाबाई बादलीने पाणी आणून देत होती. या वर्षीचं विचारणं अजून व्हायचं होतं, आणि या वेळी ते कसं सुरू करावं याचा ती विचार करत होती.

"आई," तोच म्हणाला. "तुहा फोन म्या लावीन."

ती बादली धरून उभी राहिली.

"लाव," ती म्हणाली. "पर म्या गेल्यावर लाव. घाई करू नको."

"आदी लावला तर ते येत न्हाईत."

"तुला कसं ठावं?"

"इचारलं म्या त्या बाईला."

"आत्ता गं बया! इचारून ठिवलं व्हय रे, मुडद्या?"

राम चाकाआड वाकून हसायला लागला, आणि तिने बादलीतलं सगळं पाणी जीपच्या ऐवजी त्याच्या पाठीवर ओतलं.